आईचं थायरॉईड, चालणं मंद आणि विसरणं – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही खानापूरकडचे. आई 58 वर्षांची, पावसाळ्यापासून चालणं एकदम मंद झालंय, जिना चढताना मांड्या भरून येतात म्हणते आणि विसरणं तर विचारूच नका, परवा गॅसवर दूध ठेवून शेजारी हळदीकुंकवाला गेली की ओ. भाऊ म्हणाला पार्किन्सन असणार (त्याला मोबाईलवर सगळं कळतंय!). बेळगावला दाखवलं, डॉक्टरांनी घोट्याच्या मागं हातोडी मारली तर पाय झटक्यात हलला पण परत यायला वेळ लागला, मग रक्त तपासलं तर टीएसएच (थायरॉईडची तपासणी, थायरॉईडचं हार्मोन कमी पडलं की हे वाढतंय) 38, नॉर्मल साधारण 4-5 पर्यंत असतंय. हार्मोन कमी पडलं की स्नायू आणि मेंदू दोन्ही सुस्त होतात म्हणाले, थायरॉक्सिन 50 मायक्रोग्रॅम (त्याच हार्मोनची गोळी) सुरू केली. सहा आठवडे झाले, थकवा थोडा कमी हाय पण विसरणं तसंच.

आता काल कळलं की ही गोळी उपाशीपोटी घेऊन कॅल्शियमची गोळी चार तासांनी घ्यायची असते, आई दोन्ही एकदमच चहासोबत घेत होती, कुणी सांगितलंच नाही ओ. त्यामुळं लागू पडली नसेल काय? टीएसएच आत्ताच परत करू की वेळा बदलून थोडं थांबून? व्हिटॅमिन बी12 पण बघावं काय? आणि तुमच्या घरी कुणाला असं झालं असेल तर विसरणं किती दिवसांनी सुधारलं तेवढं सांगा.