मदत हवी आहे: जंगलातली वाट मध्येच खासगी जमिनीत शिरली तर?

मंडळी, आम्ही चौघे आहोत. दोघांना पायी भटकायचंय, दोघांना फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर असलेली जीप, घेऊन रस्ता सोडायची हौस. त्यातला एक मी, आधीच कबूल करतो.

पायी जाणाऱ्यांचं सोपं दिसतं. नॉर्वेत १९५७ च्या आणि स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने खासगी जंगलातूनही चालता येतं. पण ती मुभा पायांना, इंजिनाला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत तर २००५ च्या नियमानुसार वनखात्याच्या नकाशात दाखवलेले रस्ते, वाटा आणि भाग सोडून गाडी नेता येत नाही.

माझं अडतं ते वेगळ्याच जागी. मागच्या खेपेला सरकारी जंगलातली वाट एका लोखंडी फाटकाशी आली. साखळी नुसती अडकवलेली, कुलूप नाही. पाटीचा रंग उडालेला, 'खासगी' एवढंच वाचता येत होतं. पलीकडे चिखलात टायरच्या ताज्या चाकोऱ्या, वीतभर खोल, पाण्याने भरलेल्या. कोणीतरी गेलं म्हणून आपणही जायचं? आम्ही मागे फिरलो. दुसरा जीपवाला अजून फुगलाय.

अशा वेळी मालकाची तोंडी परवानगी पुरते की लेखीच घ्यावी? ती एका गाडीसाठी घेतली तर मागून येणाऱ्यांनाही लागू होते का? फाटक जसं सापडलं तसंच ठेवावं म्हणतात, पण ते सताड उघडंच असेल तर? आणि मालक शोधायचा कसा? ज्यांनी हे खरंच केलंय त्यांनी सांगा, अंदाज माझ्याकडेही भरपूर आहेत.