कोल्हापुरातला गंगावेस ते शिवाजी पूल पट्टा: चौकाच्या किरकोळ कामाआधी पुरातत्त्व पाहणी हवी का?

पांढरमाती
या पट्ट्यात चौक रुंद करायचा, गटार सरकवायचं तर आधी चाचणी खड्डे घेतलेच पाहिजेत. शेजारी ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे खोदलं, सातवाहनकालीन वस्ती निघाली. त्याच सुमारास सापडलेला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा कांस्यपुतळा टाउन हॉल संग्रहालयात आहे. जुन्या वस्तीची पांढर, म्हणजे वस्तीने साचलेली माती, संरक्षित हद्दीच्या कुंपणाशी थोडीच संपते! १ × १ मीटरचे दोन-तीन खड्डे, १०-१० सेंटीमीटरने उतरत मूळ मातीपर्यंत. एवढंच मागणं आहे.

मोजपट्टी
विरोध. डांबर, खडी, मुरूम धरून खोदाई जेमतेम अर्धा मीटर. त्याखाली पाण्याची लाइन, ड्रेनेज, केबल यांनी माती आधीच उलथलेली. त्यातल्या खापराचा थर कोण सांगणार? शिवाजी पुलाचा पर्यायी पूल संरक्षित स्थळापासून १०० मीटरच्या बांधकामबंदीत किती रखडला ते सगळ्या कोल्हापूरने पाहिलंय. फार तर जीपीआर, म्हणजे जमिनीखालचं दाखवणारं रडार, फिरवा.

पांढरमाती
जीपीआर इथे फसतो. काळी चिकण माती, त्यातून ओली, लहरी शोषून घेते आणि थोड्या खोलीवरच चित्र पुसट होतं. जमिनीतले चुंबकीय फरक मोजणारा मॅग्नेटोमीटर लोखंडी पाइप आणि गाड्यांमुळे निकामी. आणि माती उलथते ती चराच्या रुंदीपुरतीच. दोन चरांमधला गाभा शाबूत असतो. चराची कड थापीने खरडून बघा: राखेचा पट्टा, विटांचे तुकडे, काळी-तांबडी खापरं जागच्या जागी दिसू शकतात.

सातबारा
कायद्याचं बघा. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला प्रतिबंधित, पुढचे २०० परवानगीचे. त्यापलीकडे १८७८ चा निखात निधी (पुरलेलं धन) कायदा, तोही दहा रुपयांवरच्या वस्तूंसाठी. खापरांच्या थराला त्यात वालीच नाही.

मोजपट्टी
तरी सरसकट पाहणी नको. डांबर-पेव्हरला मोकळीक द्या. गटार आणि सिग्नलचा पाया मीटर-दीड मीटर जातो, तिथेच देखरेख ठेवा. जेसीबीला बिनदाती बकेट लावायची, आणि त्या तासांचे पैसे टेंडरमध्ये वेगळी बाब म्हणून धरायचे. नाहीतर कंत्राटदार रातोरात चर बुजवून मोकळा होतो.

पांढरमाती
गटाराला देखरेख चालेल. सिग्नलच्या पायाला नाही. तो खड्डा यंत्र काही मिनिटांत पाडतं, बघणारा वाकेपर्यंत थर गेलेला असतो. तेवढा हातानेच खणा, चारही कडांचे मोजपट्टीसह फोटो घ्या आणि मगच काँक्रीट ओता.