पंचवटीतलं घर, नवं वायरिंग आणि वाटणीत राहिलेला न्यूट्रल

विषय: नाशिकच्या घराचं वायरिंग, सल्ला हवाय
प्रेषक: पंचवटीकर (एरवी अमेरिकेतलं सनीवेल, सध्या नाशिक)

नमस्कार मंडळी,

दोन महिन्यांची रजा टाकून नाशिकला आलोय. पंचवटीतलं आमचं घर आजोबांनी साठच्या दशकात बांधलेलं. आई-बाबांसाठी स्वयंपाकघर आणि दोन्ही बाथरूम नव्याने करतोय. जुनी फरशी निघाली, टाइल्स ठरल्या, आणि मग वायरमनने जिन्याखालचा बोर्ड उघडून दाखवला. सागवानी पट्टीवरचं वायरिंग. वायरवरच्या रबराला बोट लावलं की भुगा पडतो. चिनीमातीच्या किटकॅट फ्यूजमध्ये कोणीतरी (बहुधा मीच, दहावीच्या सुट्टीत) फ्यूजवायरऐवजी तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून बसवलेले. इतकी वर्षं घर पेटलं नाही ही काळारामाचीच कृपा.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, "स्वयंपाकघर-बाथरूमपुरती नवी वायर ओढू, बाकीचं चालतंय की." बाबाही त्याच्याच बाजूने. येणार काय काय? दोन एसी, दोन गिझर, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर. आणखी एक शंका: तिकडे माझ्या गॅरेजमध्ये २०० अँपिअरचं पॅनेल आहे, इथला वायरमन ६३ म्हणतोय. कमी नाही का पडणार?

—

प्रेषक: निवृत्त इंजिनिअर काका (फ्रीमाँट)

अरे बाबा, अँपिअरला अँपिअर लावून बघू नकोस. तिकडे कपडे वाळवायचं यंत्र विजेवर, शेगडी विजेवर, आता गाडीही विजेवर. नाशिकला २३० व्होल्ट, आणि स्वयंपाक गॅसवर. ६३ गुणिले २३० म्हणजे साडेचौदा किलोवॅट झाले, तुझ्या आईची डाळ शिजून उरतील. पण डीबीवर, म्हणजे घरातल्या मुख्य बोर्डावर, ६३ लिहिलं म्हणून तेवढी वीज मिळत नाही. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो, तो आधी बघ. जुन्या घरात तो अगदीच थोडा असतो. महावितरणकडे भारवाढीचा अर्ज आजच टाक, टाइल्स बसल्यावर नको.

आता मुद्द्याचं. अर्धं करू नकोस. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) असतो वायरला वाचवायला, गिझरला नाही. नव्या डीबीत १६ चा एमसीबी बसवून त्याच्या पुढे ती रबर झडलेली जुनी वायर जोडलीस, तर वायर तापून लाकडी पट्टी धुमसेल आणि एमसीबी शांत बसून राहील. दिव्या-पंख्यांना दीड स्क्वेअर एमएम जाडीची वायर, प्लगला अडीच, एसी आणि गिझरला प्रत्येकी स्वतंत्र चारची लाइन. दोन किलोवॅटचा गिझर नऊएक अँपिअरच घेतो, अडीचवरही चालेल. पण भिंत एकदाच फुटणार आहे, तिथे वायरीत काटकसर करू नये. स्विचच्या प्लेटा पुढच्या दिवाळीलाही बदलता येतील. लोक नेमकं उलटं करतात: महागड्या प्लेटा आणि भिंतीत कसलीतरी वायर.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट कुठे गळतोय असं दिसताच वीज तोडणारा स्विच) हवाच, बाथरूमसाठी तर हवाच हवा. अर्थिंगला नवीन खड्डा घे. नळाच्या पाइपाला गुंडाळलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे, आणि आता नळही प्लास्टिकचे.

एक सांगून ठेवतो. तू हौशी आहेस, तिकडे स्वतः सॉकेट बदलतोस हे मला ठाऊक आहे. अमेरिकेत काळी वायर जिवंत, म्हणजे करंट आणणारी फेज असते आणि पांढरी न्यूट्रल, करंट परत नेणारी. नाशिकला काळी म्हणजे न्यूट्रल, फेज लाल, पिवळी नाहीतर निळी. तिकडची सवय घेऊन स्क्रूड्रायव्हर हातात धरू नकोस.

—

प्रेषक: कॉलेज रोडवाल्या वहिनी (सॅन होजे)

काका बोलले त्यात माझी दोन घरगुती वाक्यं. प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसली पाहिजे. आमच्याकडे सासूबाईंच्या देवघराचा खिळा थेट पाइपात गेला होता. आणि पलंगाशेजारी टू-वे स्विच द्या, एकच दिवा दोन ठिकाणांहून लागेल असा, म्हातारी माणसं अंधारात उठतात. मीटर-डीबी उंचावर घ्या हो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेचं पाणी कुठवर आलं होतं ते पंचवटीत कोणालाही विचारा.

—

विषय: रोज संध्याकाळी घर अंधारात
प्रेषक: पंचवटीकर

काका, सगळं घर केलं. नवी वायर, नवा खड्डा, डबल-डोअर डीबी. आणि चार दिवस झाले, बरोबर दिवेलागणीला आरसीसीबी पडतो. दिवसभर गिझर, एसी, मिक्सर सगळं चालतं, काही होत नाही. वायरमनला आधी गिझरचा संशय आला, मग ओलीचा. आता म्हणतो, "साहेब, हे फारच सेन्सिटिव्ह आहे, काढून टाकू." बाबा म्हणतात, जुना किटकॅट बरा होता, निदान उजेड तरी होता.

—

प्रेषक: निवृत्त इंजिनिअर काका

काढायचा नाही! जो बोलतोय त्याचंच तोंड बंद करणार का? फेजने गेलेला करंट त्याच घराच्या न्यूट्रलने परत येतोय का, एवढंच तो मोजतो. नुसते एमसीबी पाडून शोधू नका, त्यांनी फक्त फेज तुटते. डीबीतल्या पट्टीवरचे न्यूट्रलही एकेक सोडवून बघा. आणि त्याआधी सांग, दिवेलागणीला तुमच्याकडे कोण, काय लावतं?

—

प्रेषक: पंचवटीकर

सापडलं. आई लावते. तुळशीपुढे दिवा, आणि मग जिन्यातला बल्ब.

जिना सामायिक आहे, आमचा आणि चुलत्यांचा. १९८४ ला वाटण्या झाल्या, मधे भिंत पडली, मीटर दोन झाले. जिन्यातला पॉइंट 'कोणाचाच नाही' म्हणून तेव्हा तसाच राहिला, आणि आताही त्याच कारणाने राहिला. वायरमनने होल्डर उतरवून दोन्ही वायरी माग काढत नेल्या. फेज आमच्या बोर्डातून, न्यूट्रल भिंतीपलीकडे चुलत्यांच्या मेन स्विचवर! म्हणजे करंट आमच्याकडून निघायचा आणि परत जायचा चुलत्यांच्या घरी. नऊ वॉटचा बल्ब, जेमतेम ४० मिलिअँपिअर. पण आरसीसीबीला ३० च्या आतच पडायचं असतं. बिचाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं.

हे ऐकून चुलते म्हणाले, "तरीच! आमचा मेन बंद केला तरी कधीकधी काळ्या वायरीवर टेस्टर पेटायचा." आमच्या जिन्यातल्या बल्बाचं बटण चालू असलं की त्यांच्या बंद घरात त्याच बल्बातून फेज पोचायची. चाळीस वर्षांत तिथे किती जणांनी हात घातला असेल, विचार करवत नाही.

आता जिन्याच्या पॉइंटलाही नवी वायर टाकली, फेज-न्यूट्रल दोन्ही आमच्याच डीबीतून. काल सात वाजता आईने बटण दाबलं तेव्हा आम्ही सगळे, भिंतीपलीकडचेसुद्धा, जिन्यात उभे होतो. पडला नाही. चुलत्यांनी विचारलं, "चाळीस वर्षांचं न्यूट्रलचं भाडं लावू का रे?" मग हळूच वायरमनला आत घेऊन गेले, त्यांचाही बोर्ड दाखवायला.