काटा पडला म्हणून लगेच पंप बदलू नका

जुन्या ट्रकचं इंजिन गरम झाल्यावर स्लोला (अॅक्सिलरेटर न दाबता) ऑइल प्रेशरचा काटा शून्याकडे जातोय, ऑइल पंप बदलू का असं एकानं विचारलंय. भावा, थांब जरा. जुन्या ट्रकात मीटरपेक्षा इंजिनवरचं सेंडर (प्रेशर मोजून मीटरला सिग्नल देणारा सेन्सर) जास्त दगा देतं, आतून झिजतं नाहीतर अर्थिंगच गंजलेली असते आणि प्रेशर असूनही काटा खोटं बोलतो. इग्निशन चालू ठेवून सेंडरची वायर काढ, क्षणभर बॉडीला टेकव, काटा एका टोकावरनं दुसऱ्या टोकाकडं पळाला तर मीटर न् वायरिंग ठीक. मग सेंडरच्या जागी मेकॅनिकल गेज (तेलाचं प्रेशर थेट दाखवणारं मीटर) लाव (आटे जुळणारं अडॅप्टर उद्यमनगरातल्या दुकानांत बघ) आणि इंजिन चांगलं तापल्यावरच रीडिंग घे, थंड तेल घट्ट असतं, तेव्हा प्रेशर सगळ्यांचंच झकास दिसतं. ढोबळ हिशेब हजार आरपीएमला १० पीएसआय (प्रेशरचं एकक), म्हणजे चौरस सेंटीमीटरला पाऊण किलोच्या जवळपास, पण खरा आकडा गाडीच्या मॅन्युअलचाच. आणि इथंच वर कुणीतरी लिहिलंय काटा मधोमध म्हणजे टेन्शन नाही, ते तर अजिबात धरून चालू नका, फोर्डनं १९८७ च्या सुमारास पिकअपना सेंडरऐवजी नुसता स्विच दिला, ६-७ पीएसआय मिळालं की काटा मधे जाऊन बसतो, पुढं ४० असो नाहीतर १०. गेज लावून खात्री होईपर्यंत उसाची खेप मात्र भरू नको, प्रेशर खरंच कमी असलं तर बेअरिंगं जातील आणि क्रँकही.