'बिल्ड अप'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: गीझरच्या माहितीपत्रकात 'स्केल बिल्ड्स अप' आणि व्यायामाच्या पुस्तकात 'बिल्ड अप युअर स्टॅमिना' असं येतं. दोन्हीकडे 'निर्माण होणे', 'निर्माण करणे' चालेल का?

उत्तर: नाही चालणार. 'निर्माण होणे' म्हटलं की नव्हतं ते झालं, एवढंच कळतं. 'बिल्ड अप'मध्ये असलेल्यात भर पडत राहते. आधी वाक्यात कर्म आहे का ते पाहा. नसेल तर गोष्ट आपोआप वाढतेय: क्षार साचतात, वाफ कोंडते, ढग दाटून येतात, थकबाकी वाढत जाते. म्हणून 'कॉइलवर क्षारांचा थर साचत जातो'. नुसतं 'साचतो' लिहिलं तर संथपणा निसटतो. 'जाणे' जोडलं की वेगळं 'हळूहळू' घालावं लागत नाही. कर्म असेल, म्हणजे कुणी मुद्दाम वाढवत असेल, तर 'जाणे'च्या जागी 'नेणे': 'दमसास वाढवत न्या'.

पुरवणी: औषधांच्या पत्रकात फार जपायला हवं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते 'बिल्ड्स अप इन द बॉडी'. याचं 'शरीरात तयार होतं' केलं तर शरीरच ते औषध बनवतं असा भलताच अर्थ होतो आणि मात्रा कमी करावी लागण्याचं कारणच हरवतं. इथे 'शरीरात साठत जातं' हेच हवं. 'साचणे' बहुधा नको असलेल्या गोष्टीचं, पाणी, गाळ, कचरा यांचं; 'साठणे' दोन्हीकडे चालतं. पैशांसाठी मात्र सरळ 'पुंजी जमवणे'.

आणखी एक: इंग्रजीत लिहिताना सर्वनाम मध्ये येतं, 'बिल्ड इट अप', 'बिल्ड अप इट' चूक. नाम असेल तर 'बिल्डप' जोडून किंवा संयोगचिन्हाने लिहितात आणि जोर 'बिल्ड'वर पडतो. 'बिल्ड अप टू' आलं तर पुढे काहीतरी घडायचं आहे, तिथे 'रंगत चढत जाणे' किंवा 'वातावरण तापत जाणे' असं संदर्भाने घ्यावं. फ्लॅटच्या जाहिरातीतल्या 'बिल्ट-अप एरिया'चा या वाढीशी काही संबंध नाही. ते भिंतींसकट मोजलेलं बांधीव क्षेत्र. २०१६च्या रेरा कायद्यात (घरखरेदी-विक्रीचं नियमन करणाऱ्या) व्याख्या आहे ती चटई क्षेत्राची, म्हणजे 'कार्पेट एरिया'ची, आणि त्यात बाहेरच्या भिंती धरत नाहीत. त्यामुळे करारनाम्याच्या भाषांतरात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी कधीच वापरू नयेत.