सुवार्ता म्हणजे मुलांना मोकळं सोडणं नव्हे

कुणी विचारतं की, घरात सुवार्तेप्रमाणे, म्हणजे देव ख्रिस्तामुळे विनाअट क्षमा करतो या शुभवार्तेप्रमाणे वागायचं तर मुलांना काही बोलायचंच नाही का? मला तसं अजिबात वाटत नाही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९च्या लहान प्रश्नोत्तरीची (ख्रिस्ती शिकवणुकीच्या पुस्तिकेची) सुरुवातच दहा आज्ञांनी केली. नियमशास्त्र, म्हणजे देवाच्या आज्ञा, काय करायचं ते सांगतं, फक्त ते करण्याचं बळ देत नाही. म्हणून प्रसंग ओळखावा लागतो. ल्यूथरन धर्मशास्त्रज्ञ वॉल्थर यांनी १८८४-८५मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हेच शिकवलं: निर्ढावलेल्याला नियमशास्त्र, खचलेल्याला सुवार्ता. (ते चर्चच्या पाळकांसाठी होतं, पण आईबापांनाही लागू पडतं.)

खोटं बोलून वर हुज्जत घालणाऱ्या मुलाला जरूर खडसवा. पण तोच रडत कबूल करायला आला, तर ‘तुला माफ केलं’ हे तोंडाने स्पष्ट म्हणा. ‘पण पुन्हा असं केलंस तर...’ हे लगेच जोडू नका. अट लागली की मुलाच्या कानावर पुन्हा नियमशास्त्रच पडतं.

नवरा-बायकोत हे जास्त अवघड, कारण तिथे दोघंही एकमेकांचे न्यायाधीश होतात. १५१८मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला झालेल्या धर्मशास्त्रीय वादविवादात ल्यूथरचं विधान होतं की, देवाची प्रीती आवडण्याजोगं काही शोधत बसत नाही, ती ते घडवते. जोडीदार सुधारण्याआधीच त्याच्याशी मायेने बोलायचं, ते या आधारावर.