मदत हवी आहे: हॅवलॉकला डिन रेग्युलेटर चालेल का?

जानेवारीत अंदमानच्या स्वराज द्वीपला (हॅवलॉक) चार दिवस, रोज तीन स्कूबा डाइव्ह. आमच्या रेग्युलेटरचे फर्स्ट स्टेज (सिलिंडरला जोडायचा भाग) डिनचे, म्हणजे व्हॉल्व्हमध्ये आट्यांनी फिरवून बसणारे आहेत. तिथल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधला इन्सर्ट (काढला की डिन बसतं तो तुकडा) अ‍ॅलन कीने निघतो, की जुने, नुसते योकचेच (बाहेरून पकडीने कसायचे) व्हॉल्व्ह आहेत? तसं असेल तर अ‍ॅडाप्टर लागेल; पण तो लावला की फर्स्ट स्टेज पुढे सरकतो आणि डोक्याच्या मागच्या बाजूला आपटतो. योकची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) व्हॉल्व्हमध्येच असते, चिरली की फस्स करून हवा जाते. म्हणून ०१४ मापाच्या दहा नेणार. बेटावर मिळतात का?

दुसरं, परतीचं विमान सकाळी ११ चं. सलग डाइव्हनंतर किमान १८ तास हवेत, म्हणजे आदल्या दिवशी संध्याकाळी ५ नंतर पाणी बंदच. फेरीबोट रद्द होण्याच्या भीतीने ती रात्र श्री विजयपुरमलाच (पोर्ट ब्लेअर) काढावी का?